विचारणारी खुर्ची

बाबांनी भर दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, लाल खुर्ची टेबलामागे सरकवली आणि स्वतः मात्र समोरच्या स्टुलावर जाऊन बसले. मुलगी बघतच राहिली. खुर्चीकडे बोट दाखवत ते म्हणाले, "बस. आता तुझा मान."

सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या त्या दुकानात कुठलीही वस्तू विकायला त्यांची ना नसे, ही लाल खुर्ची सोडून. लहानपणी मुलगी पडद्याआडून बघायची, तर बाबा या रिकाम्या खुर्चीसमोर स्टुलावर बसून काहीबाही पुटपुटत असायचे. आपल्या बाबांचं डोकं फिरलंय, असं तिला तेव्हा अगदी मनापासून वाटायचं.

कोडं सुटलं ते गेल्या आठवड्यात, बाबांनी सगळं सांगितलं तेव्हा. ती पाळण्यात असताना बाबांनी तिच्यासाठी आजन्म विम्याची पॉलिसी काढली होती. हप्ते भरत राहायचे, आत रक्कम साठत जायची, आणि नड आली की त्या रकमेवर कंपनीकडूनच कर्ज काढायचं, फेडायचं, पुन्हा काढायचं. शिलाई मशीन, टेम्पो, छपराचे पत्रे, सगळं त्या पॉलिसीतूनच उभं राहिलं होतं. कंपनी मात्र 'कशासाठी?' म्हणून कधी विचारत नसे, आणि बाबांना धास्ती नेमकी त्याचीच. विचारणारं कोणी नसलं की माणूस मोकाट सुटतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून विचारायला ही खुर्ची: कर्ज काढण्याआधी तिच्यासमोर बसून दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची, कशासाठी आणि फेडणार कसे. आता पॉलिसी मुलीच्या नावावर झाली होती. तिच्या सहीशिवाय छदामही मिळणार नव्हता.

हात गुडघ्यांवर ठेवून बाबा वाट बघत होते. मुलीला हसू आवरेना, पण त्यांचा चेहरा पाहून तिने ते गिळलं.

"कशासाठी?"

शेजारचा गाळा रिकामा होतोय, त्याच्या डिपॉझिटसाठी, बाबा म्हणाले. फेडणार कसे, त्याचंही उत्तर तयार होतं. एका दवाखान्याच्या बाकांचं काम मिळालं होतं, चांगलं वर्षभर पुरेल एवढं. सही करायला हरकत नव्हती. पण मुलीला स्वस्थ बसवेना. या खुर्चीने कधी कोणाला नाही म्हटलंय का, तिने विचारलं.

बाबांनी टेबलावरची टाचणी उचलली, परत ठेवली. एकदाच, ते म्हणाले. तिच्या आईला समुद्र बघायचा होता. पहिल्या प्रश्नाला उत्तर होतं, दुसऱ्याला नव्हतं. समुद्र बघून पैसे थोडेच येतात?

"मग स्टुलावर आईला बसवलं होतंत?"

"तिच्या वतीने मीच बसलो."

मुलीच्या कानशिलांपर्यंत राग चढला. माळ्यावर आईचं शिलाई मशीन खडखडत होतं. तिने आईला खाली बोलावलं. आई आली ती गळ्यात टेप आणि बोटाला दोरा गुंडाळूनच. मुलीने बाबांना उठवलं, आईला स्टुलावर बसवलं आणि गाळ्यासाठीच्या कर्जाचा कागद बाजूला सारला.

"आई, कशासाठी हवेत?"

आईने नवऱ्याकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं. पडद्याआडून बघणारी एकटी मुलगीच नव्हती, हे बाबांना आत्ता कळत होतं.

"समुद्रासाठी," आई आधी पुटपुटली, मग स्पष्ट म्हणाली.

"आणि फेडणार कशी?"

बाबा कासावीस झाले. आईने हात लांब करून खुर्चीच्या हातावरची शिवण चाचपली.

"हिचं कापड चार वेळा बदललंय. चारही वेळा मी शिवलं. त्याची शिलाई अजून कोणी दिलेली नाही."

मुलीने पेनाचं टोपण काढलं.

"तिकिटं किती?"

आईने बाजूला उभ्या असलेल्या नवऱ्याला नीट वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"यांनी मागितलं," ती म्हणाली, "तर दोन."