ओहोटीच्या वाळूतले ठसे

नोरीन दर हिवाळ्यात डार्सीच्या मेंढ्यांच्या रानाला लागून असलेल्या किनाऱ्यावर, कड्याखाली, एकटीच तंबू ठोकून राहायची. एका सकाळी ओहोटीच्या ओल्या वाळूत तिला खुरांचे शेकडो ठसे दिसले.

डार्सी पिण्याचं पाणी घेऊन आला, तशी ती म्हणाली, "तुझ्या मेंढ्या समुद्रात डुंबायला येतात, बोलला नाहीस कधी!"

"काहीतरीच तुझं! कळप चाळीस किलोमीटर आत आहे," म्हणत तो हसत खाली वाकला आणि त्याचं हसू मावळलं.

सगळे ठसे पाण्यातून वर आले होते. पाण्याकडे जाणारा एकही नव्हता. कड्याच्या उभ्या भिंतीपाशी ते संपत होते.

डार्सीची कुत्री वाळूला पोट टेकून समुद्राकडे बघत राहिली. वारा पडला. लाटांचा आवाज थांबला.

मग पाण्याच्या कडेला, त्यांच्या डोळ्यांदेखत, नवे ठसे उमटू लागले. ठशांच्या वर मात्र नुसतं ऊन होतं.

"हलू नकोस," डार्सी पुटपुटला. त्याने हॅट काढून छातीशी धरली. "जाऊ दे त्यांना."

नोरीनने अंग चोरून वाट दिली. तिच्या गुडघ्याला ओली, उबदार लोकर घासून गेली. मग दुसरी. मग सगळा कळपच.