वड्यांवरचा ताल

दुपारी चार वाजता नवा रेक्टिफायर, म्हणजे उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेला वळवणारं यंत्र, पाचव्यांदा बंद पडला. आलेल्या विजेच्या लाटेशी ताल जुळवून त्याने सलग तीस मिनिटं चालायचं होतं. पण शेजारच्या कारखान्यातली वीजभट्टी सुरू झाली, की लाट वेडीवाकडी व्हायची आणि ताल सुटायचा.

“आज चाललं नाही, तर यंत्र परत,” गिऱ्हाइकाचे परीक्षक खांबेटे म्हणाले. ते सकाळपासून उपाशी होते.

यंत्र बनवणारी शाल्मली कुंपणापाशी गेली. पलीकडे भट्टीचे फोरमन मुल्लाणीचाचा उभे होते.

“चाचा, अर्धा तास भट्टी बंद ठेवाल?”

“चहाला बंदच असते की. पंधरा मिनिटं.”

“चहाबरोबर वडे असले तर?”

“मग वडे संपेपर्यंत. ताटात टाकून आमच्यात कुणी उठत नाही.”

सव्वाचारला पन्नास वडे कुंपणापलीकडे गेले. भट्टी थंडावली, रेक्टिफायर सुरू झाला आणि यंत्राच्या पडद्यावर विजेच्या लाटेची आणि यंत्राच्या तालाची अशा दोन्ही रेषा एकमेकींवर नीट बसल्या.

विसाव्या मिनिटाला चाचा ओरडले, “पोरी, सातच राहिले!”

“हळू खा, चाचा!”

“सात काय?” खांबेट्यांनी विचारलं.

“काही नाही सर, तुम्ही मीटर बघा.”

पण खांबेट्यांना वास लागला होता. ते कुंपणाकडे वळले. चाचांनी अदबीने ताट पुढे केलं. “घ्या की, साहेब.”

चार त्रेचाळीसला चाचणीची दोन मिनिटं बाकी होती, ताटात एक वडा होता आणि खांबेट्यांचा हात त्याच्यापर्यंत पोचला होता.