दाराबाहेरच्या चपला

घराच्या पुढच्या खोलीत मी शिलाईचं दुकान टाकलं. जालन्याच्या प्रशिक्षणात बोर्ड, भाव, जाहिरात सगळं शिकवलं होतं, तरी जाफराबादेत महिनाभर माझा उंबरा कोणी ओलांडला नाही. शेवटी समोरच्या बांगडीवाल्या गोपिकाबाई म्हणाल्या, "पोरी, रिकाम्या दारात कोन चढतंय? बाहेर चपला दिसल्या की बाया बराबर येतेत." मला पटलं. सकाळी कपाटाखालच्या चपला काढल्या, पुसल्या आणि पायरीशी मांडल्या. आईच्या, तिला जाऊन वर्ष झालं. दादाचे बूट, तो चाकणला कंपनीत लागला आणि तिकडचाच झाला. माझ्या लेकीच्या लाल सँडल. ती तिच्या बापाकडे असते, आता तिला त्या येणारही नाहीत. मांडताना एक-दोन मुद्दाम तिरक्या केल्या, आत्ताच कोणी काढल्यासारख्या. दुपारी खरंच एक बाई आली. ब्लाउजपीस माझ्या हातात देत तिने रिकाम्या खोलीभर नजर फिरवली. "बाहेर इतक्या चपला, अन् मान्सं कुठं गेली ओ ताई?" मी म्हणाले, "आत झोपलेत सगळे." बाईने लगेच आवाज खाली आणला. गळा केवढा, बाही केवढी, सगळं तिने कुजबुजत सांगितलं. मीही कुजबुजतच माप घेतलं. ती गेल्यावर मशीनवर बसले, पण पायडल मारायला पाय उचलेना. घरात आवाज झाला असता.