डॉक्टर येईपर्यंत

“नर्स किंचाळते आणि डॉक्टरला बोलवायला पळते,” दिग्दर्शक साकेतने स्क्रिप्टवर बोट ठेवलं. “चलो, रेडी?”

नोएडातल्या त्या स्टुडिओत साल २१७५ होतं. यानाच्या पांढऱ्या खोलीत कॅप्टन झालेला राघव डोळे मिटून पडला होता. शेजारच्या पडद्यावर त्याच्या हृदयाची रेष सपाट झाली होती.

उत्तरा कॅमेऱ्यामागे बसली होती. अठरा वर्षं ती फरीदाबादच्या एका हॉस्पिटलात आयसीयू सांभाळत होती. सगळं खरं वाटायला हवं, म्हणून साकेतनेच तिला बोलावून घेतलं होतं. सकाळपासून तिने त्याच्या स्क्रिप्टमधल्या दोन नर्स पाहिल्या होत्या. एक यंत्र, नुसती हसणारी. दुसरी कॅप्टनच्या प्रेमात पडलेली. यंत्राला नाव होतं, बाईला नव्हतं. उत्तराने तेही गिळलं होतं.

ही तिसरी. ती साकारणारी वल्लरी किंचाळली आणि दाराकडे पळाली.

“थांब!” उत्तरा ताडकन उठली. “पेशंटपाशी कोण आहे आता?”

“ताई, डॉक्टर येतोय ना,” साकेत म्हणाला.

“आणि तो येईपर्यंत?”

“अहो, सायन्स फिक्शन आहे हे. दीडशे वर्षांनंतरचं जग.”

“दीडशे वर्षांपुढचं तुला सगळं सुचलं. अवकाशयानं सुचली, ग्रह सुचले. नर्स तेवढी पळपुटी सुचली?” तिचा आवाज चिरकला. “मी एकदाही पळाले नाही रे.”

तिने वल्लरीला मनगट धरून परत आणलं. राघवच्या डोक्याखालची उशी खेचली, टेबलावर ठेवली आणि वल्लरीचे तळवे उशीवर दाबले. “ही त्याची छाती. कोपर ताठ. जोर लाव. मोज.”

“एक, दोन, तीन…”

तीस झाले की पुन्हा एकपासून. राघव डोळे उघडून बघत राहिला. दोन मिनिटांत वल्लरीला धाप लागली.

“सरक,” म्हणत उत्तरा स्वतः उशीवर वाकली.

“ताई, कळलं. बस झालं,” साकेत हळूच म्हणाला.

“तुझा डॉक्टर आला का?”

साकेतने असिस्टंटकडे पाहिलं. त्याने वॉकीटॉकी कानाला लावला, ऐकलं आणि मान खाली घातली.

“सर, वो अभी व्हॅनिटी व्हॅन में हैं. मेकअप चल रहा है.”

“सत्तावीस, अठ्ठावीस,” उत्तरा मोजत राहिली.