तात्यांचा पासवर्ड

रसायनीच्या कारखान्यात नेटवर्कच्या सेटिंग्ज परस्पर कोण बदलतं, हे शोधताना नम्रताच्या नाकी नऊ आले. शेवटी तिने प्रत्येक बदलाची आपोआप नोंद आणि बॅकअप घेणारी यंत्रणा बसवली. पहिल्याच अहवालात सगळे बदल तात्यांच्या नावावर. पूर्वी नेटवर्क सांभाळणारे तात्या तर निवृत्त होऊन पोशीर गावी भात लावत होते. "आमी सगळेच तात्यांच्या नावानं शिरतो गं," सहकारी ऋतिक म्हणाला, "पासवर्ड कपाटावर चिकटवलाय ना." नम्रताने ती चिठ्ठी टराटरा फाडली. दुपारी कुणाच्यातरी बदलाने वजनकाटा बंद पडला, फाटकाबाहेर ट्रक तुंबले. जुन्या सेटिंग्ज बॅकअपमध्ये होत्या, पण त्या परत चढवायची परवानगी नम्रताच्या नावाला नव्हती. तिचा परवानगीचा अर्ज मुंबईच्या मुख्य कार्यालयात पडून होता. दातओठ खात तिने केराच्या टोपलीतले तुकडे जुळवले आणि तो पासवर्ड टाकून जुन्या सेटिंग्ज चढवल्या. काटा सुरू झाला. अहवालात आणखी एक बदल दिसला: तात्यांच्या नावावर. ऋतिकने चिकटपट्टी पुढे केली.