हँडब्रेक

“तुम्ही चोर आहात. दिवसाढवळ्या माझी गाडी पळवताय,” मंदाकिनी चौगुले डॅशबोर्डमधल्या आवाजाला म्हणाली.

“हाताने चालवायच्या गाड्यांवर आजपासून बंदी आहे. तुमची गाडी भंगारकेंद्राकडे निघाली आहे,” नियंत्रण कक्षाचा आवाज म्हणाला.

तिने स्टिअरिंग गच्च धरलं होतं, पण ते नुसतंच फिरत होतं. सगळ्या गाड्या आपोआप चालू लागल्यावर स्टिअरिंगवाली गाडी दुर्मिळ होणार, तिला सोन्याचा भाव येणार, म्हणून तिने ही जुनी स्पोर्ट्स कार स्वस्तात उचलली होती. घरासाठी साठवलेलं सगळं तिच्यात घातलं होतं. ‘क्लासिक’चा दाखला मिळावा म्हणून नियंत्रण कक्षाने दिलेला इलेक्ट्रॉनिक डबाही गाडीत बसवून घेतला होता. दसऱ्याला गाडीबरोबर त्या डब्यालाही हळदकुंकू वाहिलं होतं. आज तोच डबा गाडी हाकत होता.

गाडी विकत घ्यायला आलेले, शेजारी बसलेले बशीरभाई घामाघूम झाले. “ताई, सिग्नलला उतरूया की.”

“उतरायला ही काय एसटी आहे? बसा गप.”

भंगारकेंद्राचं फाटक उघडलं. आत दाबयंत्राखाली एक निळी गाडी चेपली जात होती. मंदाकिनीने दोन्ही हातांनी हँडब्रेक खेचला. तो साध्या तारेवर चालणारा होता, डब्याच्या ताब्यात नव्हता. टायर किंचाळले आणि गाडी फाटकातच थांबली.

“ब्रेक सोडा आणि खाली उतरा.”

“उतरत नाही. दाखल्यावर मालक म्हणून माझं नाव तुम्हीच घातलंत. मग या डब्यातून गाडी ओढून नेता येते, हे तेव्हा का नाही सांगितलं?”

“ब्रेक सोडा आणि खाली उतरा,” आवाजाने तेच पुन्हा सांगितलं.

“मी इथेच बसलेय. उत्तर द्या.”