आत गोडंबी

सासू ‘लाडू’ म्हणाली, की डिंपलचे तीन फायदे होणार होते. घरातलं चुगलखोर तोंड सापडणार होतं. नणंदेशी वर्षभर धरलेला अबोला रास्त ठरणार होता. आणि सोमवारी चिखलीची बस कोणाची नजर चुकवून गाठायची, तेही नक्की होणार होतं.

भुलाबाईची गाणी संपली होती. गल्लीतल्या पोरी टिपऱ्या खाली ठेवून ओसरीवर गोल बसल्या होत्या. मधे झाकणाचा डबा. खिरापत ओळखल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हा नेम. पोरी डबा कानाशी नेऊन हलवत होत्या. “शंकरपाळे!” “पेढे!” डिंपल मानेनेच नाही म्हणत होती, कान मात्र सासूकडे होते. अन्नपूर्णाबाई सगळ्यांत शेवटी बोलायच्या. अमडापुरात त्यांच्या नाकाचं मोठं नाव होतं. ते नाव बव्हंशी त्यांनी स्वतःच केलं होतं.

गेल्या आश्विनात डिंपलला चिखलीच्या एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामासाठी मुलाखतीला बोलावलं होतं. घरात दोघांनाच ठाऊक होतं: नवरा हरिओम आणि सासर सोडून परत आलेली नणंद छाया. नेमक्या त्या सकाळी अन्नपूर्णाबाईंच्या छातीत दुखायला लागलं. बस गेली, तसं दुखणंही गेलं. नवऱ्यावर संशय घ्यायचा तर संसार हलतो. नणंदेवर घ्यायला काहीच लागत नाही. “तुमच्या तोंडात तीळ नाही भिजत, छायाताई,” डिंपल म्हणाली. छाया गप्प राहिली. ते गप्प राहणं डिंपलने कबुली म्हणून धरलं आणि बोलणं टाकलं.

यंदा पुन्हा बोलावणं आलं, सोमवारचं. या वेळी तिने एकट्या हरिओमला सांगितलं. छायासाठी मात्र सापळा लावला. शेजारणीशी बोलल्यासारखं करून तिच्या कानावर घातलं, की आपली खिरापत रव्याच्या लाडवांची. खरी खिरापत पुन्हा हरिओमलाच ठाऊक होती: भरलेली, भाजलेली सफरचंदं. “आत भरायले चिखलीहून गोडंबी आणजा,” असं तिने रात्री त्याला बजावलं होतं. तो दुपारी हात हलवत आला. मग सासू देवळात गेल्यावर डिंपलने सफरचंदांचे गाभे कोरले, गोडंबीच्या, म्हणजे बिब्ब्यातल्या गराच्या, जागी तीळ घेतले, खोबरं-गुळात कालवून दाबून भरले. कुकरमध्ये मीठ पसरलं, शिट्टी काढली आणि सालं सुरकुतेपर्यंत मंद आचेवर भाजली. वास लपवायला घरभर उदबत्त्या लावल्या.

अन्नपूर्णाबाईंनी डबा मांडीवर घेतला. हलवला नाही. नुसतं झाकण हुंगलं.

“लाडूच असतीन, आजी!” एक पोर म्हणाली.

“लाडू वाजतेत वो.” अन्नपूर्णाबाई हसल्या. “सफरचंद हाय. भाजेल.”

डिंपल हिरमुसली. म्हातारीला खरंच नाक आहे म्हणायचं! एवढ्या उदबत्त्या फुकट गेल्या.

“अन् आत गोडंबी हाय,” अन्नपूर्णाबाईंनी पुस्ती जोडली.

डबा उघडला. पोरी किंचाळल्या, टाळ्या पिटल्या. पहिला घास घेतलेली पोर म्हणाली, “आजी, गोडंबी कुठं हाय? हे तं तीळ हायेत!”

“नसन तं नसन. अर्धी तं जितली ना मी?” सगळ्या हसल्या. त्या हशातच अन्नपूर्णाबाई सुनेकडे वळल्या. “डिंपल, सोमवारी घरीच राह्यजो बरं, बाई. दोन दिसांपासून छातीत भरून येऊन राह्यलं.”

डिंपल हसायची थांबली. तिने छायाकडे पाहिलं. छायाला नवल वाटलेलं नव्हतं. ती दारात उभ्या असलेल्या भावाकडे पाहत होती.

पोरींना वाटे देता देता डिंपल तिच्याजवळ आली. वर्षभरानंतर पहिल्यांदा बोलली.

“तुम्हाले माहीत होतं?”

“हाव.”

“मंग सांगतलं काऊन नाही?”

“माह्यावर रुसली तं तुही एक नणंद गेली,” छाया म्हणाली. “त्याच्यावर रुसली असती, तं गेली कुठं असती?”

गेल्या साली चुकलेल्या बसचा बोल छायाने सोसला होता. सोमवारची चुकली, तर तो बोल डिंपलच्या खाती जाणार होता.

छायाने आपलं सफरचंद घेतलं नाही. डिंपलनेही आपलं बाजूला ठेवलं. दोघींची धरून हरिओमच्या ताटलीत तीन झाली. त्याने तिन्ही खाल्ली, बोटं चाटली.

“गोडंबी असती,” तो म्हणाला, “तं अजून मजा आली असती.”